आठवी-नववीच्या मुलांना अल्गोरिदम शिकवायचे, तर सुरुवात कोठून करावी?

ऐरोली अभ्यासिका
नमस्कार. ऐरोलीत आमच्या वसाहतीच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी संगणकशास्त्राची ओळख करून देणारा विनामूल्य वर्ग सुरू करायचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. मुले मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमांतली आहेत. गणितात काहींची गती चांगली आहे, तर काहींना अपूर्णांक दिसले तरी भीती वाटते. मोबाइल प्रत्येकाने हाताळला आहे, पण प्रोग्राम आजवर कोणीही लिहिलेला नाही. संगणक मोजकेच असल्यामुळे एका यंत्रापुढे तीन-चार मुले बसवावी लागतील.

आमच्यात दोन मते आहेत. काहींना वाटते की पहिल्याच दिवशी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडावी, मुलांना पडद्यावर काहीतरी घडताना दिसावे, आणि अल्गोरिदम (म्हणजे एखादे काम पायरीपायरीने करण्याची नेमकी रीत), कार्यक्षमता वगैरे शब्द पुढे कधीतरी यावेत. दुसरे मत असे की आधी कागद, फळा आणि वर्गातली मुले एवढ्याच साधनांवर विचार करायला शिकवावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगशी संबंधित उपक्रम यावेत असे म्हटले आहे, परंतु वर्गात उभे राहिल्यावर पहिल्या तासाला नेमके काय करायचे, हे शिकवणाऱ्यालाच ठरवावे लागते. ज्यांनी नवशिक्यांना शिकवले आहे किंवा जे स्वतः या क्षेत्रात काम करतात, त्यांनी प्रत्यक्ष उदाहरणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

महापेकर
मी महापे येथे सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करतो. माझे मत पहिल्या बाजूचे आहे. कागदावर लिहिलेली पायरी संदिग्ध असली तरी वाचणारा माणूस ती समजून घेतो. यंत्र ती समजून घेत नाही. ‘यादीतली पुढची संख्या घ्या’ असे लिहिणाऱ्या मुलाला यादी संपल्यावर काय करायचे हा प्रश्न कागदावर पडत नाही. तोच मजकूर प्रोग्राम म्हणून चालवला की यंत्र त्याच जागी थांबते आणि मुलाला तो प्रश्न पडतोच. काटेकोरपणा शिकवणारा याहून चांगला गुरू मला माहीत नाही. शिवाय या वयाची मुले पडद्याकडे ओढली जातात, ही ओढ वाया का घालवावी?

गणितशिक्षिका, नौपाडा
महापेकर सर, काटेकोरपणाविषयी आपण जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. तरीही सुरुवात कागदावर व्हावी असे मला वाटते, आणि त्यामागे यंत्रांची टंचाई हे कारण नाही. प्रोग्राम चालला की मुलाला काम संपल्यासारखे वाटते. संगणकशास्त्र मात्र तेथून पुढे सुरू होते, कारण कोणत्याही रीतीविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात: ही रीत प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देईल हे कशावरून, आणि तिला किती काम करावे लागेल? पडद्यावर उत्तर उमटल्यानंतर हे प्रश्न विचारायला मूल थांबत नाही. फळ्यापाशी ते थांबते.

मी ठाण्यात बरीच वर्षे गणित शिकवते आहे. नववीच्या मुलांसोबत ज्या गोष्टी करते त्यांपैकी तीन येथे थोड्या विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. एका मुलीने १ ते ६० मधली एक संख्या मनात धरायची आणि बाकीच्यांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असे प्रश्न विचारून ती ओळखायची. ‘ती संख्या ३० पेक्षा मोठी आहे का?’ असे विचारून दरवेळी निम्म्या शक्यता बाद करायच्या, ही युक्ती कोणीतरी लवकरच शोधून काढते आणि सहा प्रश्नांत संख्या सापडते. बहुतेक शिकवणारे येथे थांबतात आणि या रीतीला बायनरी सर्च म्हणतात असे सांगून पुढे जातात. मी मात्र येथेच विचारते की पाच प्रश्नांत हे नेहमी जमेल अशी एखादी हुशार रीत असू शकेल का. मुले बराच वेळ वेगवेगळे प्रश्न रचून पाहतात. मग कोणीतरी मोजू लागते: एका प्रश्नाला दोन उत्तरे, दोन प्रश्नांना मिळून चार प्रकारच्या उत्तरांच्या रांगा, आणि पाच प्रश्नांना ३२. संख्या तर ६० आहेत. म्हणजे प्रश्न कसेही रचले तरी कोणत्या तरी दोन संख्यांना उत्तरांची एकच रांग मिळणार आणि त्या दोहोंत फरक करता येणार नाही. ‘आम्हाला सापडली नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांतला फरक नववीतल्या मुलांना स्वतःच्या मोजणीतून कळतो, तेव्हा मला तो तास सार्थकी लागला असे वाटते. त्यानंतर ६० ऐवजी १००० संख्या घेतल्या तर किती प्रश्न लागतील, हे विचारावे. दहा पुरतात, कारण दहा प्रश्नांच्या रांगा १०२४ होतात. शक्यता दुप्पट झाल्या तरी प्रश्न एकानेच वाढतो, हे लॉगॅरिदम हा शब्द न उच्चारताही त्यांच्या ध्यानात येते.

दुसरी गोष्ट कबड्डीच्या बाद फेरीच्या सामन्यांची. ६० संघ उतरले, हरणारा संघ बाहेर, तर विजेता ठरायला किती सामने लागतील? मुले फेऱ्या मांडू लागतात, विषम संघ उरला की ‘पुढे चाल’ देतात, बेरजा करतात, आणि उत्तर ५९ येते. मग वेळापत्रक वेगळ्या प्रकारे मांडायला सांगितले तरी ५९ च येते, याचे त्यांना आश्चर्य वाटते. कारण सोपे आहे: विजेता सोडून प्रत्येक संघाने एकदा हरलेच पाहिजे आणि एका सामन्यात एकच संघ हरतो. यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधायला ५९ तुलना लागतात, त्याहून कमी तुलनांत ते होणार नाही, हा सिद्धांत येथे आयताच मिळतो. हुशार मुलांना पुढचा प्रश्न द्यावा: खरा दुसऱ्या क्रमांकाचा संघ कोणता? अंतिम सामन्यात हरलेला संघच दुसरा असेल असे नाही. दुसरा संघ विजेत्याकडूनच हरलेला असणार, पण कदाचित पहिल्याच फेरीत. सामने नीट मांडले तर विजेता जास्तीत जास्त सहा संघांशी खेळतो, त्या सहांतला श्रेष्ठ ठरवायला आणखी पाच सामने पुरतात, म्हणजे एकूण ६४.

तिसरी गोष्ट मसाविची. भागाकार पद्धतीने मसावि काढायला मुले शाळेत शिकलेलीच असतात, पण आपण युक्लिडचा, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळातला अल्गोरिदम वापरतो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ३९१ आणि २९९ घ्या. ३९१ ला २९९ ने भागले की बाकी ९२. २९९ ला ९२ ने भागले की बाकी २३. ९२ ला २३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून मसावि २३. आता माझे दोन प्रश्न. बरोबर कशावरून? जी संख्या ३९१ आणि २९९ या दोघींना भागते ती त्यांच्या वजाबाकीलाही, म्हणजे ९२ लाही भागते, आणि जी २९९ व ९२ ला भागते ती ३९१ लाही भागते. म्हणून जोडी बदलली तरी मसावि बदलत नाही. किती काम? बाकी दरवेळी लहान होत जाते, म्हणून ही रीत कधीतरी थांबणार हे नक्की. आणि लहान संख्येत जितके अंक असतील त्याच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत, हे फ्रेंच गणिती लामे यांनी १८४४ मध्ये सिद्ध केले. शंभर अंकी संख्या असली तरी जास्तीत जास्त पाचशे भागाकार! मूळ अवयव पाडून मसावि काढणाऱ्या मुलांना मी शंभर अंकी संख्येचे अवयव पाडण्याचा विचार करायला सांगते. आर्यभटाने ४९९ मधल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात दिलेली कुट्टक ही समीकरणांची पूर्णांक उत्तरे शोधण्याची रीतही अशाच क्रमाने भागाकार करत जाते. इतिहासाची आवड असलेल्या मुलांना ही माहिती जरूर द्यावी.

हे सारे होईपर्यंत संगणक सुरू करण्याची गरज पडत नाही. पुढे त्याची गरज निश्चित पडते.

पालक, कोपरखैरणे
बाई, आपला प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला आणि आम्ही दोघे कबड्डीचा प्रश्न सोडवत बसलो. एक शंका आहे. तिच्या पूर्वीच्या एका खासगी वर्गात अल्गोरिदम म्हणजे चहा करण्याची कृती, असे शिकवले होते आणि सगळ्या मुलांकडून चहाच्या पायऱ्या लिहून घेतल्या होत्या. आपल्या उदाहरणांत ते कोठेच दिसत नाही. ती तुलना चुकीची आहे का?

गणितशिक्षिका, नौपाडा
चुकीची म्हणणार नाही, पण ती फार लवकर संपते. पायऱ्या ठरलेल्या क्रमाने करायच्या असतात, एवढे तिच्यातून कळते, आणि एवढे मुलांना आधीच ठाऊक असते. चहाच्या कृतीत ‘बरोबर कशावरून’ या प्रश्नाला अर्थ नसतो, आणि दोन कृतींपैकी कोणती कमी काम करते याची मोजणीही तेथे होत नाही. शिवाय अल्गोरिदम एका उदाहरणासाठी नसतो. मसाविची रीत कोणत्याही दोन संख्यांवर चालली पाहिजे, ज्या आपण कधी पाहिल्या नाहीत त्यांवरसुद्धा. मुलीला तिने लिहिलेल्या रीतीत बसणार नाही असे उदाहरण शोधायला सांगा: दोन्ही संख्या समान असल्या तर? एक संख्या शून्य असली तर? अशी अडचणीची उदाहरणे शोधण्याची सवय लागली की चांगला प्रोग्राम लिहिण्याची बरीच तयारी झाली असे समजावे.

नेरूळ लोकल
मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ठाण्याच्या महाविद्यालयात जाण्यासाठी रोज ट्रान्स-हार्बर लोकलने प्रवास करतो. ऐरोलीच्या मुलांना शिकवायचे असेल तर ग्राफ, म्हणजे टिंबे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, हा विषय त्यांच्या घराजवळूनच जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ठाण्याहून निघाले की दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भे अशी स्थानके एका रांगेत येतात. तुर्भ्याला मार्ग फुटतो: एक फाटा सानपाड्यावरून वाशीकडे, दुसरा जुईनगरवरून नेरूळकडे. आणि सानपाडा व जुईनगर ही दोन्ही स्थानके हार्बर मार्गावर शेजारी शेजारी आहेत. स्थानकासाठी एक टिंब आणि लगतच्या दोन स्थानकांमध्ये एक रेघ, असे मुलांना काढायला सांगावे. तुर्भे, सानपाडा आणि जुईनगर यांचा एक त्रिकोण तयार होतो आणि त्याच्या तीन कोपऱ्यांतून ठाणे, वाशी व नेरूळ अशा तीन शेपट्या बाहेर पडतात. वाशीपुढचा मुंबईकडचा आणि नेरूळपुढचा पनवेलपर्यंतचा व उरणचा मार्ग सुरुवातीला सोडून द्यावा, म्हणजे आकृती आटोपशीर राहते.

आता पहिला प्रश्न असा की, पेन न उचलता आणि एकही रेघ दोनदा न गिरवता ही आकृती काढता येईल का? मुले हे कोडे लहानपणापासून खेळत आलेली असतात. येथे ते जमत नाही, आणि का जमत नाही याचे उत्तर गणिती ऑयलरने १७३६ मध्ये, क्योनिग्सबर्ग शहरातले सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, या प्रश्नात दिलेले आहे. आकृती एका दमात काढताना मधल्या टिंबात जितक्या वेळा शिरावे लागते तितक्या वेळा बाहेर पडावे लागते, म्हणून तेथे रेघांची संख्या सम असली पाहिजे. विषम चालते ती फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या टिंबावर. आपल्या आकृतीत तुर्भे, सानपाडा आणि जुईनगर येथे प्रत्येकी तीन रेघा आहेत, आणि ठाणे, वाशी व नेरूळ येथे प्रत्येकी एक. विषम टिंबे एकूण सहा. पेनच्या एका फटकाऱ्यात जास्तीत जास्त दोन विषम टिंबे खपतात, म्हणून किमान तीन फटकारे लागतात, आणि तीनमध्ये आकृती पूर्ण होते. बाईंनी सांगितलेला ‘असूच शकत नाही’ हा विचार येथे पुन्हा येतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. ठाण्यावर ० लिहा, त्याच्या शेजाऱ्यावर १, त्याच्या शेजाऱ्यावर २, असे पुढे जात राहा. तुर्भ्यावर ६ येतो, सानपाडा आणि जुईनगर दोघांवर ७. आता सानपाड्याचे शेजारी पाहताना जुईनगर पुन्हा समोर येते. त्यावर ८ लिहायचा का? नाही, कारण तेथे आधीच ७ लिहिलेला आहे. ज्या टिंबावर आकडा पडला त्याला पुन्हा हात लावायचा नाही, हा नियम मुलांना त्या त्रिकोणामुळेच सुचतो. सरळ रांगेत त्याची गरज भासली नसती. हाच ब्रेड्थ-फर्स्ट सर्च. वाशी आणि नेरूळ दोन्ही ८ वर येतात.

यानंतर कोणीतरी हमखास म्हणेल की स्थानके मोजून काय उपयोग, वेळ मोजायला हवा, आणि सानपाड्याला गाडी बदलावी लागली तर फलाटावर थांबण्याचा वेळही धरायला हवा. तेव्हा प्रत्येक रेघेवर मिनिटे लिहावीत आणि सर्वांत कमी वेळेचा मार्ग शोधणाऱ्या, डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राच्या अल्गोरिदमकडे वळावे. डाइक्स्ट्राला ही रीत १९५६ मध्ये सुचली आणि ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲम्स्टरडॅममध्ये आर्मॅक नावाच्या नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक सामान्य लोकांपुढे करायचे होते, म्हणून त्यांना सहज कळेल असा प्रश्न त्याने निवडला: नेदरलँड्सच्या ६४ शहरांच्या नकाशावर एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता. नवशिक्यांपुढे संगणक मांडताना प्रश्नाची निवड किती महत्त्वाची असते, हे यावरून दिसते. गाडी बदलण्याचा वेळ मात्र आपल्या आकृतीत रेघेवर लिहिता येत नाही; त्यासाठी सानपाड्याची दोन टिंबे करावी लागतात, एक ट्रान्स-हार्बरचे आणि एक हार्बरचे, आणि त्या दोहोंमध्ये थांबण्याच्या वेळेची रेघ. ही युक्ती मुलांना सांगू नये, त्यांना ती शोधू द्यावी.

ऐरोली अभ्यासिका
सर्वांचे मनापासून आभार. रेल्वेची आकृती आम्ही नक्की करणार आहोत. आमची निम्मी मुले त्या मार्गाने आजोळी जातात. बाईंना आणखी एक विचारतो. क्रमवारी लावणे, म्हणजे सॉर्टिंग, केव्हा आणावे? आणि महापेकर सर, शेवटी संगणकापुढे बसवायचे तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांनी प्रोग्राममधली नावे मराठीत लिहिली तर चालतील का?

गणितशिक्षिका, नौपाडा
बायनरी सर्च झाल्यावर लगेच आणावे, कारण निम्मी शक्यता बाद करण्याची युक्ती यादी क्रमाने लावलेली असेल तरच चालते. उंचीप्रमाणे ६० मुले रांगेत उभी करायची असे समजा. उरलेल्यांतला सर्वांत बुटका शोधून त्याला पुढे उभा करायचा, ही रीत मुले आपणहून करतात. तिला ५९ + ५८ + ५७ अशा करत एकूण १७७० तुलना लागतात. दुसरी रीत अशी की मुलांचे दोन गट करायचे, प्रत्येक गट स्वतंत्रपणे क्रमाने लावायचा, आणि मग दोन्ही रांगांच्या डोक्यावरच्या मुलांची तुलना करत एक रांग करायची. गट क्रमाने लावतानाही हीच रीत पुन्हा वापरायची. ही मर्ज सॉर्ट, जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेली. तिला जास्तीत जास्त २९७ तुलना लागतात. वर्गात सोळा मुलांवर करून दाखवा, तुलना मोजायला दोन मुले नेमा, आणि आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

महापेकर
मराठी नावांचा प्रश्न विचारलात हे फार चांगले केलेत. पायथॉन ३ मध्ये चलाचे (व्हेरिएबलचे) नाव देवनागरीत देता येते, म्हणजे ‘बेरीज’, ‘मसावि’, ‘बाकी’ अशी नावे चालतात. वापरकर्त्याने देवनागरी अंकांत ‘१२’ लिहिले तर त्याचे पूर्णांकात रूपांतरही होते. मात्र प्रोग्रामच्या मजकुरात थेट लिहिलेली संख्या देवनागरी अंकांत चालत नाही, आणि भाषेचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात, त्यामुळे कळफलक सारखा बदलावा लागतो. माझा सल्ला असा की रीत वहीत शुद्ध मराठीत लिहून घ्यावी आणि प्रोग्राममधली नावे मुलांना सोयीची वाटतील तशी ठेवू द्यावीत.

परंतु मराठी मजकुरावर प्रोग्राम चालवणे हा स्वतंत्रपणे शिकण्यासारखा विषय आहे आणि आपल्या मुलांना त्याचा लाभ मिळावा असे मला मनापासून वाटते. दोन उदाहरणे देतो.

शब्द उलट-सुलट सारखाच आहे का, हे ओळखण्याचा प्रोग्राम सर्वत्र सुरुवातीला दिला जातो. ‘कडक’ आणि ‘सरस’ हे शब्द तो बरोबर ओळखतो. ‘नवजीवन’ हा शब्द आपण उलटा वाचला तरी न-व-जी-व-न असाच येतो, पण प्रोग्राम ‘नाही’ म्हणतो. संगणकाच्या दृष्टीने ‘जी’ हे एक अक्षर नसून ‘ज’ आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत. क्रम उलटा केला की वेलांटी ‘ज’च्या आधी येते आणि जुळणी मोडते. त्याच कारणाने ‘क्षितिजा’ या नावाची लांबी आपण तीन अक्षरे म्हणतो आणि पायथॉन आठ सांगते. ही आठ चिन्हे कोणती, ते मुलांना वहीत सुटी करून लिहायला सांगावे, आणि मग चिन्हांचे गट करून अक्षरे बनवणारी रीत त्यांच्याकडूनच तयार करून घ्यावी. ‘अक्षर म्हणजे काय’ हे काटेकोरपणे सांगताना व्याकरणाच्या तासाला ऐकलेले जोडाक्षर, मात्रा आणि हलन्त पुन्हा उपयोगी पडतात.

दुसरे उदाहरण बाईंच्या सॉर्टिंगशी जोडलेले आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक ठरवून देणाऱ्या यादीत, त्याची जागा ‘ल’ च्या लगेच पुढे, ‘व’ च्या आधी आहे. त्यामुळे वर्णमालेप्रमाणे ‘कावळे’ हे आडनाव ‘काळे’च्या आधी यायला हवे, तर संगणकाने साध्या पद्धतीने लावलेल्या यादीत ‘काळे’ आधी येते. ‘क्ष’ हा तर युनिकोडमध्ये ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असा लिहिला जातो, म्हणून वर्णमालेप्रमाणे लावलेल्या हजेरीत शेवटी असणारी क्षितिजा संगणकाच्या यादीत ‘कौस्तुभ’ आणि ‘खंडू’ यांच्यामध्ये जाऊन बसते.

यात खरा धडा पुढे आहे. हजेरी वर्णमालेच्या क्रमाने लावलेली असेल आणि बायनरी सर्च करणारा प्रोग्राम युनिकोडच्या क्रमाने तुलना करत असेल, तर क्षितिजा यादीत असूनही तो ‘सापडली नाही’ असे सांगू शकतो. मधले नाव ‘मधुरा’ निघाले की प्रोग्राम म्हणतो ‘क्षितिजा याच्या आधी’, आणि जिच्यात ती आहे ती अर्धी यादी बाद करतो. प्रोग्राममध्ये कोठेही चूक नसते, यादीही नीट असते. फक्त दोघांनी ‘आधी’ या संबंधाचा वेगवेगळा अर्थ धरलेला असतो. रीत बरोबर आहे हे सिद्ध करताना आपण काय गृहीत धरले होते, हा बाईंचा पहिला प्रश्न येथे प्रत्यक्ष यंत्रावर उभा राहतो. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी यंत्राची बाजू घेतली होती, ती अशा प्रसंगांसाठी आजही घेतो. मात्र बायनरी सर्च का चालते हे ज्याला कागदावर समजले आहे, त्यालाच यंत्राच्या या उत्तराचे कारण शोधता येईल, हे मला मान्य आहे.

पालक, कोपरखैरणे
फार सुंदर चर्चा. ज्या मुलांना यात पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी शाळेच्या परीक्षेबाहेर काही आहे का?

नेरूळ लोकल
आहे. झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड ही परीक्षा कागद-पेन्सिलीची आहे. तिच्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही, रीत शोधून उत्तर काढावे लागते. तिचे जुने प्रश्न अशा वर्गासाठी उत्तम आहेत, आठवीला काही जड जातील. लहान मुलांसाठी बेब्रास ही स्पर्धा आहे, जी २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झाली. तिचे प्रश्न छोटे, चित्रमय आणि संगणकाची पूर्वओळख न मागणारे असतात. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सीएसपाठशाला हा उपक्रम शालेय वयातल्या मुलांसाठी याच विचाराने काम करतो. या परीक्षांना सराववर्ग म्हणून वापरू नये, एवढीच विनंती. प्रश्न घ्यावा, त्यावर भरपूर बोलावे, आणि मग पुढचा प्रश्न घ्यावा.

ऐरोली अभ्यासिका
पहिला वर्ग झाला. संख्या ओळखण्याच्या खेळापलीकडे आम्ही गेलोच नाही, आणि तेच योग्य होते असे वाटते. पाच प्रश्नांत का जमणार नाही, हे आठवीतल्या एका मुलाने फळ्यावर झाडासारखी आकृती काढून पटवून दिले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की उत्तर देणारा एकदा खोटे बोलू शकत असेल, पण जास्तीत जास्त एकदाच, तर किती प्रश्न लागतील. मुलांनी मिळून शोधलेले उत्तर असे: प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, उत्तरे वेगळी आली तर तोच तिसऱ्यांदा विचारायचा. खोटे एकदाच बोलता येते, म्हणून तिसऱ्यांदा विचारण्याची वेळही एकदाच येईल. म्हणजे सहाच्या दुप्पट बारा आणि एक, एकूण तेरा. याहून कमी प्रश्नांत होईल का, असे तिने विचारले आहे, आणि पुढच्या रविवारी तिला उत्तर हवे आहे.

गणितशिक्षिका, नौपाडा
तिचे माझ्याकडून अभिनंदन करा. तेरा ही रीत बरोबर आहे आणि ती बरोबर का आहे हेही मुलांनी सांगितले आहे, म्हणून आता दुसरा प्रश्न घ्या. खालची मर्यादा त्यांना आधीच्याच मोजणीने सापडेल. नऊ प्रश्न विचारले असे समजा. मनातली एकच संख्या असली तरी उत्तरांच्या रांगा दहा प्रकारच्या येऊ शकतात: एकही खोटे नाही ही एक, आणि नऊपैकी कोणत्याही एका प्रश्नाला खोटे उत्तर दिले अशा नऊ. दोन वेगळ्या संख्यांना एकच रांग वाटून चालणार नाही, म्हणून ६० संख्यांसाठी ६०० वेगवेगळ्या रांगा लागतील. नऊ प्रश्नांच्या एकूण रांगा मात्र ५१२ च आहेत. म्हणजे नऊ पुरणार नाहीत. दहा प्रश्नांसाठी ६० × ११ म्हणजे ६६० रांगा लागतात आणि उपलब्ध १०२४ असतात, पण जागा पुरते यावरून रीत असतेच असे सिद्ध होत नाही, हे त्यांना जरूर सांगा.

महापेकर
रीत आहे, आणि ती आम्ही कामात वापरतो. संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, सहा अंकांनी लिहायची. पहिले सहा प्रश्न त्या सहा अंकांविषयी, ‘हा अंक १ आहे का?’ असे. उरलेले चार प्रश्न ठरावीक अंकांच्या गटांविषयी: ‘या गटात १ विषम वेळा आले आहेत का?’ प्रत्येक अंक किमान दोन गटांत यावा आणि कोणत्याही दोन अंकांचे गट तंतोतंत सारखे नसावेत, असे गट निवडायचे. मग ज्या गटांची उत्तरे पहिल्या सहा उत्तरांशी जुळत नाहीत त्यांवरून खोटे उत्तर कोणते ते कळते. एकच गट जुळला नाही तर खोटे त्या गटाच्या प्रश्नालाच दिलेले असते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत संगणकाच्या स्मृतीतली एका अंकाची चूक दुरुस्त करण्यासाठी वापरतात. चार गटांतून दोन किंवा अधिक गट निवडण्याचे अकरा मार्ग आहेत आणि आपल्याला सहाच हवेत, त्यामुळे वाटणी मुलांना स्वतः करता येईल. ती त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि मुलीने केलेली वाटणी येथे टाका, म्हणजे ती तपासणारा प्रोग्राम कसा लिहायचा ते पुढच्या प्रतिसादात मांडतो.